धर्माजीचा गंज

खारकोंडात कुणी न पटणारी बातमी आणली की ऐकणारा म्हणायचा, "गंज असंल." मुंबईला कापड स्वस्त झालं म्हणे. गंज असंल. पाटलाच्या म्हशीला जुळी रेडकं झाली म्हणे. गंज असंल. हा शब्द गावाला धर्माजीने दिला. पुढे तो त्याच्याच बहिणीच्या दारात येऊन उभा राहिला, ती हकीकत मी इथे लिहिते आहे.

खारकोंड रेवसच्या खाली, खाडीला लागून. तिथली भातशेतं भरतीच्या पाण्याहून खोलगट. खाडी आणि शेतं यांच्यामध्ये मातीचा एक लांब बांध, बाकी काही नाही. बांधात एके ठिकाणी दगडी उघाडी होती. तिची लाकडी झडप ओहोटीला उघडे आणि पावसाचं पाणी बाहेर जाई. भरती आली की पाण्याच्याच जोराने ती मिटे. बांध फुटला तर लोक "खांड गेली" म्हणत, आणि हे दोन शब्द घरात मोठ्याने कुणी उच्चारत नसे. खांड गेलेल्या शेतात खारं पाणी एकदा बसलं, की तीन-तीन पावसाळे भाताची काडी उभी राहत नसे. म्हणून दर उन्हाळ्यात घरटी एक माणूस बांधावर मातीकामाला जाई. त्या बिगारीला जोळ म्हणत. जोळीचा मुख्य काळूराम पाटील.

माझे वडील मीठ खात्यात होते. आम्ही गावाबाहेर सरकारी बंगलीत राहत असू. मी मुंबईला नन्सच्या शाळेत शिकत होते आणि सुटीत घरी येई. धर्माजी उघाडीचा राखणदार. अंगाने काटकुळा, बोलायला पुढे, आणि तोंडात सदा विडी. पोरवयात तो मुंबईला गेला होता आणि गिरगावातल्या एका फोटोच्या दुकानात काचा धुण्याच्या कामावर बरीच वर्षं राहिला. केसर ही त्याची थोरली बहीण. आई लवकर गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं. तिचा नवरा वारला, शेत एकटीच्या अंगावर पडलं, तेव्हा धर्माजी दुकान सोडून गावी आला तो कायमचा.

केसरच्या त्या शेताला कोंडी म्हणत. सगळ्या खारीत, म्हणजे बांधाआडच्या जमिनीत, सर्वांत सखल, बांधाच्या वळणाला टेकलेलं. गावाची घरं उंचवट्यावर होती. केसरच्या नवऱ्याने मात्र हट्टाने शेताच्या कडेला, बांधापासून हाकेच्या अंतरावर कुडाचं घर घातलं होतं. तिच्याजवळ होतं नव्हतं ते एवढंच. कोंडी पिकली तर भावाबहिणीचं वर्ष निघे.

धर्माजीने मुंबईहून येताना फोटोच्या कागदाची पाकिटं आणि औषधाच्या बाटल्या आणल्या होत्या. कॅमेरा आणण्याइतकी ऐपत नव्हती, म्हणून तो त्याने घरी केला. बिस्किटांचा चौकोनी पत्र्याचा डबा. आतून दिव्याची काजळी खळीत कालवून फासलेली. झाकणाच्या सांध्यावर काळं फडकं. एका अंगाला स्टोव्हच्या पिनेने पाडलेलं भोक, आणि त्यावर मेणाने चिकटवलेली चामड्याची टिकली. टिकली उचलली की फोटो सुरू, दाबली की बंद.

"भिंग कुठे आहे?" मी पहिल्यांदा विचारलं होतं.

"भिंग कशाला, ताई? उजेडाला येक बारकी वाट दावली का तो आपला आपन आत जातो. मोठी वाट दावली तर गर्दी करतो, मंग काय बी दिसत न्हाय."

घड्याळ त्याच्याकडे नव्हतं. टिकली उचलून तो विडी पेटवी आणि संपली की टिकली दाबी. कडक उन्हाला एक विडी, मळभ असेल तर दोन. केसर म्हणे, "फोटू कसला काडतोय, विड्या फुकायला निमित्त पायजे." आमच्या न्हाणीघराच्या फटींत चिंध्या कोंबून आणि कंदिलाला लाल कापड बांधून तो कागद धुवी. त्या कागदावर काळं ते पांढरं आणि पांढरं ते काळं उमटे. मग तो कोऱ्या कागदावर काचेखाली दाबून उन्हात धरला की सुलटं चित्र मिळे.

पहिलं मोठं चित्र त्याने अठ्ठावीस साली जोळीच्या कामाचं काढलं. बांधावर निम्मं गाव होतं, टोपल्या फिरत होत्या, बाया गात होत्या. चित्रात बांध आला, टोपल्यांचा ढीग आला, खाडी दूध साकळल्यासारखी सपाट आली, आणि माणूस एकच आला. फावड्यावर हनुवटी टेकून उभा असलेला बाळाजी.

काळूराम पाटलाने चित्र लांब धरून पाहिलं. "काम करनारा येक बी न्हाय, आनि ऐदी तेवडा आला. बरा हाय रे तुजा डबा."

"हलतं ते माज्या डब्यात येत न्हाय, पाटील. थांबंल तो येतो."

लोक हसले, पण बाळाजीची बायको जनी हसली नाही. तिने चित्रावर बोट ठेवलं. बाळाजीच्या शेजारी, खांद्याला खांदा लावून, आणखी एक बाळाजी उभा होता. तसंच फावडं, तशीच हनुवटी, फक्त धुरकट. त्याच्यामागे बांधही दोन होते.

"ह्यो दुसरा कोन?" जनी म्हणाली.

संध्याकाळपर्यंत बायकांत कुजबुज सुरू झाली, की तो न्यायला आलेला आहे. बाळाजीने जेवण सोडलं. ओटीवर बसून तो आपल्या डाव्या खांद्याकडे पाहत राही.

धर्माजी डबा घेऊन मारुतीच्या देवळापुढे गेला आणि सगळ्यांना बोलावलं. झाकण काढून त्याने डबा उन्हाकडे धरला. बाळाजीच्या तळहातावर उजेडाचे दोन ठिपके पडले.

"ही पिनेची वाट," तो म्हणाला, "आनि ही गंजाची. खारी हवा हाय, पत्रा खाल्ला. दोन भोकं, दोन बाळाजी. जा, घरी जाऊन भाकर खा."

बाळाजी जेवला. धर्माजीने ते भोक लाखेने बुजवलं. आणि तेव्हापासून गावात गंज हा शब्द चालू झाला. धर्माजीला त्याचा अभिमान वाटे. आपण गावाची भीती घालवली, असं तो मला दोन-तीनदा म्हणाला.

एकोणतीस साली मी मॅट्रिकची परीक्षा देऊन घरी आले, ती पुढे लग्न होईपर्यंत तिथेच राहिले. मुंबईच्या मामाने मला एक कॅमेरा बक्षीस दिला होता. मुलांसाठी विकायला येई तसला, काळ्या पुठ्ठ्याची पेटी, डाळीएवढं भिंग आणि एक खटका. धर्माजीने तो कानाशी धरून हलवला.

"ह्याच्यात तर काईच न्हाय. माज्या डब्याचा शिकलेला भाव हाय ह्यो."

तरी त्याला तो फार आवडला. पाठीमागच्या लाल खिडकीतून फिल्मचा आकडा दिसे. त्या खिडकीवर ऊन पडू द्यायचं नाही, हे त्याने आपणहून ओळखलं आणि तिला काळ्या फडक्याचा पडदा केला. वर नखाएवढी काच होती, तीत पाहून नेम धरायचा. तिच्यात दिसे एक आणि फोटोत येई दुसरंच, हे मात्र आम्हाला उशिरा कळलं. एका गुंडाळीत आठ फोटो. गुंडाळी धुवायला मुंबईला पाठवावी लागे, म्हणून मी एकेक फोटो जपून काढी.

हनुमान जयंतीच्या दुपारी धर्माजी उघाडीच्या दगडावर डबा ठेवून बसला होता. जोळीचं काम कुठे लावायचं हे ठरण्याआधी काळूरामला सगळा बांध एका चित्रात पाहायचा होता. पौर्णिमेचं उधाण, भर बाराची भरती, खाडी बांधाच्या गळ्याशी आलेली. मी माझी पेटी घेऊन गेले होते. केसर शेळ्या हाकत बांधावरून आली.

"माजा फोटू कदी येनार रे धर्मा, तुज्या डब्यात?"

"तू थांबशील तवा."

"मंग मेल्यावरच काड." आणि ती माझ्याकडे वळली. "ताई, तुमच्यात हललेलं चालतंय ना? काडा."

मी तिच्याबरोबर वळणापर्यंत गेले आणि ती शेळ्या घेऊन बांधाखाली उतरली तेव्हा कोंडीत उभी राहून खटका दाबला. त्या दिवशीच्या माझ्या रोजनिशीत "कडक ऊन, एक विडी, केसरचा फोटो" एवढीच नोंद आहे.

दुसऱ्या दिवशी धर्माजीचं चित्र उन्हात तयार झालं. ते पाहताना त्याच्या तोंडातली विडी विझली. बांधाच्या वळणाला, आतल्या अंगाला, कोंडीच्या बाजूने, बांधाच्या पायाशी एक पांढरी रेघ होती. पातळ आणि लकाकणारी. उन्हाळ्यात ते शेत कोरडं ठणठणीत असायला हवं होतं.

"पानी हाय," तो म्हणाला.

तो लगेच बांधावर गेला. पण ती वेळ ओहोटीची होती. पायाशी गुडघाभर गवत, खाली माती दमट, चिंबोऱ्यांची बिळं. दमट तर ती नेहमीच असे. तरी संध्याकाळी तो काळूरामच्या ओटीवर चित्र घेऊन गेला. मी वडिलांबरोबर तिथेच होते.

काळूरामने चित्र पाहिलं आणि पान लावता लावता म्हटलं, "जोळ तिथं लावायची म्हंजे माती केसरच्या शेतातनं काडावी लागंल. बांधाला लागून चर पडंल. इचारलंस का तिला?"

केसर अंगणातच होती. ती पुढे आली. "माजं शेत हाय केवडं? त्यातनं चर खनला तर मी पेरू काय, आनि खाऊ काय?" मग भावाकडे वळून म्हणाली, "आनि तूच सांगितलंस ना देवळाफुडं, डबा गंजतो म्हनून? बाळाजी दोन आलं ते गंजानं. मंग माज्याच बांदाला खरं पानी कसं आलं?"

ओटीवर हशा पिकला. बाळाजी सर्वांत मोठ्याने हसला.

"बग बाबा धर्माजी," काळूराम म्हणाला, "तू सांगशील तसं. गंज हाय का पानी?"

धर्माजीने बहिणीकडे पाहिलं. माती काढायची ती बांधाजवळची, म्हणजे कोंडीतली सर्वांत चांगली. त्याने डबा उचलून दिव्यासमोर धरला, फिरवून पाहिला. पत्र्यावर तांबूस ठिपके होतेच. एका ठिपक्यातून उजेड येतोसा त्याला वाटला. वाटला, असं मी म्हणते. मी शेजारी होते, मला दिसला नाही.

"असंल गंज," तो म्हणाला.

त्याने तो ठिपका लाखेने बुजवला आणि अष्टमीला पुन्हा चित्र काढलं. या वेळी रेघ नव्हती. केसरने ते चित्र आपल्या दारावर लावलं. अष्टमी म्हणजे भांगाची भरती, महिन्यातली सर्वांत दुबळी. पाणी बांधाच्या कमरेलाही लागत नाही. हे खाडीकाठच्या पोरालाही माहीत असतं, आणि राखणदार असून धर्माजीच्या ते मनात आलं नाही. त्याचं सगळं लक्ष डब्याकडे होतं. जोळ त्या वर्षी उघाडीच्या पलीकडे लागली.

त्यानंतर लहान लहान गोष्टी होत गेल्या. केसरच्या विहिरीचं पाणी मचूळ लागायला लागलं. ती म्हणाली, उन्हाळ्यात तळ गाठला की असंच होतं. भर दुपारी कोंडीच्या कडेला बगळे एका ओळीत उभे राहत, आणि ओळ बांधाच्या पायाला धरून असे. लोक म्हणाले, बेडकं असतील. पाऊस लागला, पेरणी झाली, रोपं वर आली. बांधालगतच्या पट्ट्यातली रोपं मात्र पिवळी पडली. "खत कमी पडलं," केसर म्हणाली. सखुबाई पाटलीण म्हणाली, "व्हय, न्हाय तर गंज असंल." केसरही हसली.

धर्माजी त्या दिवसांत आमच्याकडे फारसा आला नाही. एकदा मी उघाडीवर गेले तेव्हा तो डबा मांडीवर घेऊन बसला होता. त्याने भोकाचा भाग कापून तिथे तांब्याचा पातळ तुकडा बसवला होता.

"तांबं गंजत न्हाय," तो म्हणाला. "आता ह्यात येईल ते खरं." पण आभाळ रोज भरलेलं. तीन विड्या ओढूनही कागद जवळजवळ कोराच निघे.

माझी गुंडाळी आषाढात संपली. फोटो धुऊन मुंबईहून टपालाने आले, ते दिव्यांच्या अवसेच्या आदल्या दिवशी. आई पडवीत समया घासत होती. मी फोटो ओटीवर मांडले आणि धर्माजीला निरोप पाठवला. केसरही त्याच्याबरोबर आली, पदराने पावसाचं पाणी पुसत.

"दावा माजा."

तिचा फोटो होता. शेळ्या आल्या होत्या, हातातली काठी आली होती, लुगड्याचा काठसुद्धा स्पष्ट आला होता. नखाएवढ्या काचेने फसवल्यामुळे गळ्याच्या वर मात्र काही नव्हतं.

"आनि मुंडकं कुटं गेलं माजं?" केसर म्हणाली. "धर्मा, ह्यो तर तुज्या डब्याच्या वरताण निगाला."

धर्माजी हसला नाही. तो तिच्या पायांकडे पाहत होता. तिच्या टाचांमागे, गवतातून, तीच पांढरी रेघ गेली होती. त्याने खिशातून चैत्रातलं चित्र काढलं. ते तो जवळ बाळगत असे, हे मला तेव्हा कळलं. दोन्ही शेजारी ठेवली. बांधाचं तेच वळण, आणि वळणाखाली तीच रेघ.

"दोन डब्यांना येकच गंज चडत न्हाय, अक्का," तो म्हणाला.

केसर खाली बसली. मग तिने विचारलं, "उद्या उदान किती वाजता?"

"बाराला."

काळूरामने या वेळी दोन्ही चित्रं हातात घेतली आणि पानाचा डबा बाजूला सारला. "चैतात हे..." असं काहीतरी तो म्हणाला आणि थांबला. घरटी माणूस बांधावर गेला. पण पावसाळ्यात खारीत सुकी माती कुठली असायला? शेतं पाण्याने भरलेली, फावडं घातलं की चिखलाचा रबडा निघे. पेंढ्याचे भारे, खाडीतल्या चिपीच्या झाडांची लाकडं, घरांची जुनी कवाडं, जे मिळालं ते लोकांनी वळणाला रचलं. बाळाजी कंबरभर चिखलात उभा राहून खुंट ठोकत होता. केसरने आपल्याच शेतातला चिखल पाट्यांनी भरून वर दिला. उन्हाळ्यात जिथला चर तिने नाकारला होता, तिथलाच. तिला कुणी काही बोललं नाही.

अवसेला सकाळी पाऊस थांबला आणि ऊन पडलं. वारा अजिबात नव्हता. धर्माजीने केसरच्या घरातलं भात, भांडी आणि शेळ्या उंचवट्यावर हलवल्या. ती मात्र उंबऱ्यावर बसून होती. त्याने दंडाला धरून तिला उघाडीच्या दगडावर आणून बसवलं. आम्ही गावाच्या बाजूला उभे होतो. भरती आवाज न करता चढत होती. पेंढ्याच्या खालून आधी बोटभर धार आली. बाळाजीने तिच्यावर कवाड दाबलं. धार कवाडाच्या बाजूने आली. मग काळूराम मोठ्या आवाजात म्हणाला, "वर या समदे," आणि लोक चिखलातून वर आले. थोड्याच वेळात वळणाचा बांध, त्यावरच्या गवतासकट, जागच्या जागी खाली बसला. पडला म्हणता येणार नाही. बसला. मोठा आवाजही झाला नाही. खाडी कोंडीत आली आणि पसरत गेली. कुडाचं घर पाण्यात काही वेळ उभं होतं, मग छप्पर पुढे झुकलं.

कुणी रडलं नाही. जनीने दोन्ही हात तोंडावर धरले होते. पाणी उंचवट्याच्या पायथ्याशी येऊन थांबलं. त्यानंतर तिथे करण्याजोगं कुणाला काही उरलं नव्हतं.

धर्माजी उघाडीच्या दुसऱ्या टोकाला गेला. डबा तिथेच होता. त्याने तो दगडावर ठेवला, टिकली उचलली आणि विडी पेटवली. ते पाहून सखुबाई पुटपुटली, "ह्याला आता बी फोटू सुचतोय." त्याने ऐकलं असेल. तो वळला नाही.

त्या खांडीची दुरुस्ती पुढे कधी झाली नाही. जोळीने नवा बांध अलीकडून घातला, आणि कोंडी खाडीच्या बाजूला राहिली. धर्माजीने राखणदारी सोडली आणि बहिणीला घेऊन तो दुसऱ्यांच्या मिठागरांवर कामाला लागला. मी त्याला पुढे अनेकदा पाहिलं. पुन्हा फोटो काढताना पाहिलं नाही. गंज हा शब्दही गावातून गेला. कुणी बंद केला नाही, पण कुणाच्या तोंडी तो पुन्हा आला नाही.

त्या दुपारचं चित्र माझ्याकडे आहे. त्यानेच ते धुऊन दिलं. तांब्याच्या भोकातून काढलेलं, अगदी स्वच्छ. बांधावर तेव्हा सगळं गाव होतं, पण लोक हलत होते, म्हणून एकही आलेला नाही. कोंडीवरचं पाणी दूध साकळल्यासारखं सपाट आहे आणि त्यातून छपराचा एक कोपरा वर आला आहे. आणि अलीकडे, उघाडीच्या दगडावर, गुडघ्यांवर हात ठेवून केसर बसली आहे. तिचा चेहरा, कपाळावरची आठी, लुगड्यावरचा चिखल, सगळं रेखीव आलं आहे. विडी संपेपर्यंत ती हलली नव्हती.